सतरा-एकोणीस

हॅरिस पुलाखाली मुळा वाहते,
वाहते असं म्हणायचं; जलपर्णीखाली
पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते दिसत नाही.
पुलाच्या अलीकडे दापोडी, आमच्या दोन खोल्या,
आणि सुट्टीच्या पहाटे साडेपाचला विहारात
माझ्यासाठी ठेवलेली निळी उशी.

करुणप्रभाताई म्हणाल्या, अर्थाच्या मागे लागू नकोस,
आधी त्याची न् ओठांची ओळख होऊ दे.
तारे तुत्तारे तुरे.
मी झेडपीच्या शाळेतली. तारे आभाळात,
तुरे उसाला, आणि मधलं ते
वरातीत फुंकतात तसलं काहीतरी.
मला हसू फुटलं. त्यांनी फुटू दिलं.
मग सांगितलं: तारा एक पाय खाली सोडून बसते,
हाक आली की लगेच उठता यावं म्हणून.
हे पटलं. कंडक्टरही तशीच बसते.

एकशे आठ मणी.
नवव्यालाच मशीनमधून कागद निघायला लागतो,
एक मनपा, दोन बोपोडी, सुट्टे द्या,
पुढे सरका, आहे हो जागा पुढे,
आणि परत द्यायचे राहिलेले पाच रुपये
त्या चष्मेवाल्या मुलाचे, मंगळवारचे.
पुन्हा पहिला मणी.
कधी माळ पुरी झालीच, तर मनात येतं, झाली!
की गेलीच ती.

अण्णांना माळ दिसली तेव्हा ते बरे होते.
वर्कशॉपातले फिटर. छप्पन साली
बापाच्या खांद्यावर बसून गर्दी पाहिलेले.
म्हणाले, मंत्र?
आपल्या कानावर पडू नये म्हणून
ज्यांनी दारं लावून घेतली, त्यांची वस्तू घरात?
ही त्यांची नाही, मी म्हटलं.
कुणाची का असेना. घोकायला लागलं
की माणूस विचार करायचा थांबतो.
त्रिसरणाची गोष्ट निराळी, तो शब्द दिलेला असतो.
आणि भाकरी मोडत राहिले, बारीक, अजून बारीक,
घास न घेता.
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

आता ते गॅलरीत बसतात.
मेट्रो गेली की मान वर करतात.
माझं नाव एखाद्या दिवशी सापडतं त्यांना.
तोंडात एकच उरलंय:
सतरा-एकोणीस. सतरा-एकोणीस.
तो पाना. एसटीच्या पोटाखाली उताणे पडून
हेल्परला हाक मारायचे,
हात तेवढा बाहेर.
आई वैतागते. डॉक्टर म्हणतात, बोलू द्या.

परवा शेवटची गाडी डेपोत लावून आले,
पावणेबारा झालेले.
अण्णा जागे. हात पुढे, तळवा उघडा.
सतरा-एकोणीस.
मी शेजारी टेकले. पैशांच्या बॅगेतून माळ काढली.
आधी माझा मंत्र त्यांच्या मधल्या फटीत
घालून पाहिला. बसेना.
सोडून दिला.
मग त्यांचाच धरला, त्यांच्याच चालीत,
आणि प्रत्येक हाकेला एक मणी.
सतरा-एकोणीस.
चष्मेवाला मुलगा आला, बसला, उतरला.
सतरा-एकोणीस.
आई कूस वळली. पुलावरून कंटेनर गेला,
मांडणीतली भांडी थोडी बोलली.
सतरा-एकोणीस.
किती झाले ते माहीत नाही. मेरूमणी हाताला लागला
तेव्हा कळलं की एकटीच म्हणतेय.
अण्णांनी अंगठ्याने तो मणी चाचपला,
आटे गेलेत का बघतात तसा.

पहाटे निळी उशी रिकामी राहिली असणार.
मी पलंगाखालची पत्र्याची पेटी उपसत होते.
गंजलेली पक्कड, पाती, कामगार संघाची पावती,
एक पाना निघाला, चौदा-पंधराचा.
तोच ठेवला त्यांच्या तळव्यावर.
त्यांनी वजन पाहिलं. डोळे मिटूनच.
हा नव्हे, म्हणाले.

चार महिन्यांतला पहिला नवा शब्द.
मी पुन्हा पेटीत हात घातला.